आधी आवळा, मग ढकला: अठ्ठावीस बाटल्या आणि एका कॉर्करचं प्रकरण

प्रकरण न्यू जर्सीतल्या एडिसनचं. नवरा-बायको दोघंही नोकरी करणारे, खाली तळघर असलेलं घर, आणि घरी वाइन करण्याची पहिलीच खेप. नवरा माझा भाचा. सप्टेंबर सरता सरता इकडे कॅलिफोर्नियातून द्राक्षांची ३६-३६ पौंडांची खोकी आणि ताज्या रसाच्या बादल्या येऊन पडतात. त्यातली झिनफँडेल जातीच्या काळ्या द्राक्षांच्या रसाची सहा गॅलनची एक बादली त्यांनी उचलली. सहा गॅलन म्हणजे जवळजवळ पावणेतेवीस लिटर. रस तळघरात आंबला, तळाशी बसलेल्या साक्यावरून वेळोवेळी काढून घेतला, हिवाळाभर निवळला आणि मे महिन्यात बाटल्यांत भरला. साका गेला, चाखण्यात थोडी गेली, आणि ७५० मिलीच्या २८ बाटल्या हाती आल्या. वाइन चवीला चांगली उतरली होती, हे आधीच सांगून ठेवते. कारण पुढे जे बिघडलं त्यात द्राक्षांचा काही दोष नव्हता.

बाटल्या गराजमधल्या फळ्यांवर आडव्या रचल्या होत्या. जुलैत फळ्यांवर जांभळे ओघळ दिसायला लागले. काही बाटल्यांची तोंडं चिकट, काहींची बुचं तोंडाबाहेर डोकावलेली.

भाच्याचा फोन आला. "मावशी, बुचं भिकार निघाली गं. आता चांगल्या कंपनीची कुठली घेऊ ते सांग."

निदान आधीच होऊन बसलं होतं, फक्त औषधाचं नाव हवं होतं. मी म्हटलं, एकही बाटली टाकून देऊ नका, मी येते.

गळतंय की ढकललं जातंय?

बूच वर आलेलं दिसलं की पहिला संशय किण्वनाचा घ्यावा. वाइनमध्ये थोडी जरी साखर शिल्लक राहिली आणि यीस्ट जिवंत असलं, तर उन्हाळ्याच्या उबेनं ते पुन्हा कामाला लागतं. बंद बाटलीत कार्बन डायऑक्साइड साठत जातो आणि बूच वर सरकतं. तसं असेल तर कॉर्कर, म्हणजे बूच लावायचं यंत्र, सोन्याचा आणला तरी फरक पडणार नाही. म्हणून सगळ्यांत जास्त वर आलेल्या बुचाची बाटली आधी उघडली. ग्लासात बुडबुडे नाहीत, जिभेवर चुरचुर नाही. उरलेल्या साखरेचा अंदाज देणारा हायड्रोमीटर ०.९९४ वर थांबला आणि बाटल्या भरण्याच्या दिवशीची नोंदही तीच होती. म्हणजे साखर तेव्हाच संपलेली होती. गॅसचा संशय मिटला.

नोंद होती, कारण भाचेसून शिस्तीची. तिनं प्रत्येक बाटलीला नंबराची चिकटपट्टी लावली होती आणि वहीत तारीख, बुचाचा प्रकार, "हे फार जोर लावून गेलं", "हे तिरकं गेलं" असे शेरे लिहिले होते. ती म्हणाली, "मावशी, तुम्ही हसाल, पण त्या दिवशी आम्ही भांडलो ते पण लिहिलंय." हसले मी, पण त्या वहीनंच काम सोपं केलं. वही नसती तर २८ सारख्या दिसणाऱ्या बाटल्यांकडे बघून अंदाज बांधत बसावं लागलं असतं.

वहीतून निघालेली हकीकत अशी. कॉर्कर होता दोन तरफांचा, हातात धरून वापरायचा. वीस-पंचवीस डॉलरला मिळतो तो. बुचं आणली होती ९ नंबरची (हा नंबर जाडीचा), ४४ मिमी लांब, कॉर्कचा चुरा डिंकानं सांधून केलेली. पहिल्या दोन-तीन बाटल्यांतच दोघांचे हात भरून आले. मग कुठेतरी वाचल्याचं आठवून भाच्यानं बुचं पातेल्यात घालून चांगली पंधरा मिनिटं उकळली. ती भराभर आत गेली. पुढे ती बुचं संपल्यावर तो दुकानातून ८ नंबरची घेऊन आला, आणि तीही सहज गेली. भरताना प्रत्येक बाटलीत वरून थोडी थोडी वाइन ओतून पातळी वाढवली होती, कारण बाटली "अर्धवट दिसत होती". त्याच संध्याकाळी सगळ्या बाटल्या आडव्या करून टाकल्या. आणि बाटल्या होत्या मित्रमंडळींकडून गोळा केलेल्या रिकाम्या. त्यांत पाच-सहा फिरकीच्या झाकणाच्या.

उघडलेली बुचं

बाटल्यांचे जेवणाच्या टेबलावर ढीग केले. बूच वर आलेल्या एकीकडे, बूच जागच्या जागी पण तोंड ओलं अशा दुसरीकडे, कोरड्या ठणठणीत तिसरीकडे. फिरकीवाल्या वेगळ्याच ठेवल्या. मग प्रत्येक ढिगातल्या एकदोन उघडल्या.

जागच्या जागी राहून गळणाऱ्या बाटलीचं बूच नीट बघण्यासारखं होतं. वरच्या बाजूला मधोमध वाटाण्याएवढा खड्डा. तो कॉर्करच्या दट्ट्याचा. अंगावर वरपासून खालपर्यंत एक उभी घडी, नखाचं टोक मावेल एवढी. बाकीचं बूच तपकिरी आणि कोरडं, फक्त त्या घडीत गडद जांभळी रेघ, खालून वर अखंड. वाइन बुचातून पाझरली नव्हती. तिला रस्ता करून दिलेला होता आणि ती त्या रस्त्यानं चालत आली होती. वहीत त्या बाटलीपुढे शेरा होता: "तिरकं गेलं, परत सरळ केलं."

उकळलेली बुचं त्याहून वाईट. कॉर्कस्क्रू घातला तर वरचा भाग चुरा होऊन हातात आला. चहात जास्त वेळ राहिलेल्या खारीसारखी गत. बाहेर काढल्यावर चांगलं बूच काही वेळात पुन्हा फुगतं, गळ्यातल्यापेक्षा जाड होतं. ही जशी निघाली तशीच बारीक राहिली. ताकदच गेलेली. बूच वर सरकलेल्या ढिगात जवळजवळ सगळी हीच होती.

८ नंबरची बुचं अखंड होती, घडी नव्हती, पण त्यातली काही गळ्यात बोटांनी फिरवता येत होती. जे बूच बोटानं फिरतं ते कशाला वाइन अडवेल?

ठणठणीत ढीगही होता, हे विसरायचं नाही. त्यात सुरुवातीची, न उकळलेली, हात भरून येईपर्यंत जोर लावलेली ९ नंबरची बुचं होती. म्हणजे बूच तेच, कंपनी तीच. भाच्याचा मूळ प्रश्न इथेच निकालात निघाला.

कॉर्कर नेमकं काय करतो

इथे जरा थांबते, कारण नवशिक्यांची गफलत इथेच होते. कॉर्कर म्हणजे बूच ढकलायचं यंत्र, असा समज असतो. ढकलणं हे त्याचं दुय्यम काम. मुख्य काम आवळण्याचं.

वाइनच्या नेहमीच्या बाटलीच्या तोंडाशी आतला व्यास साधारण १८.५ मिमी असतो. ९ नंबरचं बूच साधारण २४ मिमी जाड. बूच गळ्यापेक्षा पाच-सहा मिलिमीटर जाड असतं, आणि ते तसंच असायला हवं. त्या फरकामुळेच ते काचेला दाबून धरतं. ८ नंबरचं बूच साधारण २२ मिमीचं. फरक साडेतीनवर आला, पकड ढिली झाली. तेव्हा आत जायचं तर २४ मिमीचं बूच आधी १६ मिमीच्या आसपास आवळलं पाहिजे, म्हणजे ते काचेला न घासता गळ्यात उतरेल आणि तिथे जाऊन फुलेल. फुलण्याचं बरंचसं काम लगेच होतं, उरलेलं पुढच्या दिवसभरात.

कॉर्कचा एक गुण इथे कामाला येतो. रबराचा गोळा वरून दाबला की बाजूंनी फुगतो. कॉर्क जवळजवळ फुगत नाही, कारण त्याच्या पेशी हवेनं भरलेल्या असतात आणि आतल्या आत चेपतात. म्हणून दट्ट्यानं वरून कितीही रेटलं तरी बूच गळ्यात फुगून अडकत नाही. पण याचीच दुसरी बाजू अशी की नुसतं वरून रेटून ते बारीकही होत नाही. बारीक करायचं तर बाजूंनीच आवळावं लागतं.

भाच्याकडच्या दोन तरफांच्या कॉर्करमध्ये आवळायला वेगळी सोय नसते. बूच एका निमुळत्या नळीत ठेवायचं, तरफा खाली ओढल्या की दट्ट्या त्याला नळीतून रेटत नेतो, आणि नळी निमुळती होत जाते तसं ते आवळलं जातं. म्हणजे आवळणं आणि ढकलणं एकाच हिसक्यात. खालचं टोक आधी बारीक होतं, वरचं मागून. बूच किंचित तिरकं झालं, बाटली किंचित हलली, की कातडीला वळी पडावी तशी एका बाजूला घडी पडते आणि काच तिला कायमची दाबून ठेवते. अवजार खोटं आहे असं नाही. ८ नंबरची बुचं, पाच-सहा बाटल्या, वर्षाच्या आत प्यायची वाइन, आणि बाटली धरायला दुसरा माणूस, एवढं असेल तर ते निभावतं. ९ नंबरच्या २८ बुचांसाठी ते नव्हतं. हात दुखायला लागले तेव्हाच ते सांगत होतं. भाच्यानं मात्र अवजार बदलण्याऐवजी बूच मऊ केलं.

उकळण्याचं हे खूळ जुनं आहे. आजची बुचं कारखान्यातून निघतात तेव्हा त्यात ठरावीक ओलावा असतो, अंगावर सिलिकॉन किंवा पॅराफिनचं पातळ अस्तर असतं आणि पिशवी बंद असते. उकळलं की अस्तर जातं, सांधलेल्या बुचाचा डिंक सैलावतो आणि उसळी मरते. पिशवी नुकती फोडली असेल आणि कॉर्कर उभा, जमिनीवरचा असेल तर कोरडी बुचं वापरावीत. हातकॉर्कर असेल तर पोटॅशियम मेटाबायसल्फाइटच्या (जंतू मारणाऱ्या पावडरीच्या) पाण्यात बुडवून लगेच काढलं तरी पुरे. फोडून ठेवलेली जुनी पिशवी असेल तर बादलीत ते पाणी घालायचं, वर चाळणीत बुचं ठेवायची, झाकण लावून एकदोन दिवस तशीच राहू द्यायची. वाफेनंच काम होतं. आणि ब्लीच बुचांच्या किंवा बाटल्यांच्या आसपासही नको. क्लोरीन आणि बुरशी एकत्र आली की कुबट पुठ्ठ्याचा तो वास येतो आणि अख्खी बाटली ओतून द्यावी लागते.

वरची मोकळी जागा

गळ्यात वाइन आणि बूच यांच्यामध्ये थोडी हवा सोडावी लागते. ती किती, हा हिशेब भाच्याला कागदावर करून दाखवला. इंजिनिअर आहे, आकड्यांशिवाय पटत नाही.

बूच ४४ मिमी लांब आणि खाली १५ मिमी मोकळी जागा ठेवायची आहे. म्हणजे बूच लावण्यापूर्वी वाइनच्या वर ५९ मिमी हवा असणार. बूच खाली येताना ती हवा १५ मिमीत कोंबते. सगळी हवा आत राहिली आणि गळा वरपासून खालपर्यंत सारखा धरला तर दाब जवळपास चौपट. आता बाटली "अर्धवट दिसते" म्हणून वाइन वाढवली आणि मोकळी जागा ५ मिमीच ठेवली. ४९ मिमी हवा ५ मिमीत: दाब जवळपास दहापट. प्रत्यक्षात थोडी हवा निसटते, गळाही खाली रुंदावतो, त्यामुळे आकडे यापेक्षा कमी येतात. पण दोघांतला फरक राहतोच. या दाबाखाली उकळलेलं गुळगुळीत, ओलं बूच वर सरकलं नसतं तर नवल.

बाटली दोनतीन दिवस उभी ठेवली असती तर बुचाखाली हवा असती आणि ती बुचाच्या कडेनं हळूहळू निघून गेली असती. त्याच संध्याकाळी आडवी केल्यावर बुचाला वाइन लागली आणि हवेऐवजी दाबानं वाइन बाहेर रेटली गेली.

शिवाय गराज. बाटल्या भरल्या तेव्हा वाइन तळघरातली, पंधरा अंशांच्या आसपासची. जुलैत बंद गराज तीसच्या वर जातं. ७५० मिली वाइन दहा अंशांनी तापली की दीड ते दोन मिलीनं वाढते. ऐकायला काहीच नाही, पण तेवढ्या अरुंद गळ्यात ती पातळी सहा-सात मिलिमीटर चढते. पंधरा अंशांच्या फरकाला जवळपास एक सेंटिमीटर. ज्या बाटल्यांत मोकळी जागाच ५ मिमी होती तिथे वाइनला जायला एकच वाट उरली होती. तळघरात रिकामा कोपरा असताना बाटल्या गराजमध्ये का, तर म्हणे फळ्या तिथे होत्या!

यावर उपाय फुकटातला. बऱ्याच बाटल्यांच्या बुडाशी काचेत ६३ मिमी असा आकडा उठवलेला असतो. २० अंशांच्या द्रवानं तोंडापासून ६३ मिमी खालपर्यंत भरली की ७५० मिली होतं. त्यात ४४ मिमीचं बूच घातलं की खाली १९ मिमी उरतात. तळाला झडप असलेली भरायची नळी वापरली तर इतकंही मोजायला नको: बाटली तोंडापर्यंत भरायची, नळी बाहेर काढायची, नळीनं व्यापलेली जागा रिकामी होते आणि पातळी साधारण हवी तिथे येते. भाच्याकडे ती नळी होती. त्यावर वरून ओतणं हा त्याचा स्वतःचा शोध.

फिरकीवाल्या बाटल्या

यावर वाद घालू नये. ज्या बाटलीच्या मानेवर आटे आहेत तिला बूच लावू नये. तिचा गळा बुचाच्या मापानं घडवलेला नसतो, तोंडाशी काच पातळ असते आणि कॉर्करच्या जोरानं ती तडकू शकते. यांच्या पाच-सहा बाटल्यांतली एकही फुटली नाही हे नशीब, पण गळत मात्र बहुतेक होत्या. आपल्याकडे सुलाच्या बहुतेक बाटल्यांना फिरकीचं झाकण असतं, त्यामुळे "वाइनची बाटली ती वाइनची बाटली" हा समज मराठी घरांत सहज असतो. बूच काढलेलीच बाटली पुन्हा बुचाला वापरावी.

कुठला घ्यायचा

आता निवड. काय काय मिळतं ते क्रमानं सांगण्यापेक्षा या घराला काय हवं होतं ते आधी सांगते: वर्षाला एक बादली, जमलं तर दोन. म्हणजे तीस ते साठ बाटल्या. वाइन दोनतीन वर्षं ठेवून प्यायची इच्छा. भाचेसुनेचं मनगट नाजूक, आणि बाटल्या भरणं एका संध्याकाळी आटपायला हवं.

लाकडी ठोकणीनं बूच ठोकायचं जुनं साधन पहिल्या वाक्यात बाद. काचेवर हातोडी मारायची कशाला? हातात धरून आवळायचे कॉर्कर असतात, त्यात बूच आडवं चेपून मग दट्ट्यानं ढकलतात. तत्त्व बरोबर, पण सगळा जोर मनगटाचा. दहाएक बाटल्यांना बरा.

उरला जमिनीवर उभा राहणारा कॉर्कर. यात बाटली एका स्प्रिंगच्या पाटावर उभी राहते, पाट तिला खालून वर दाबून धरतो. लांब दांडा खाली ओढायला लागलं की पहिल्या टप्प्यात चार जबडे चहूबाजूंनी जवळ येतात आणि बूच पूर्ण लांबीभर एकसारखं आवळतात. त्यानंतर दट्ट्या उतरतो. आवळणं वेगळं, ढकलणं वेगळं. दांडा लांब असल्यानं जोर एवढा कमी लागतो की भाचेसुनेनं नंतर एका हातानं बुचं लावली.

यातही दोन प्रकार इकडे जास्त दिसतात. लाल रंगाचा पोर्तुगीज, बुटका, सहसा प्लास्टिकच्या जबड्यांचा. आणि निळा इटालियन, उंच, जड, पितळी जबड्यांचा. इटालियन कॉर्करनं शॅम्पेनची जाड बुचंही लावता येतात. भाव बदलत राहतात, पण पोर्तुगीज शंभर डॉलरच्या अलीकडे-पलीकडे आणि इटालियन त्याहून बराच वर, असा अंदाज ठेवावा. शॅम्पेनसारखी फेसाळ वाइन करायची नसेल तर घरगुती कामाला पोर्तुगीज पुरतो, असं माझं मत आहे. वाकावं लागतं म्हणून खाली स्टूल किंवा मजबूत खोकं घ्यावं. मात्र तिसरी वाट बरेच जण विसरतात: घरी वाइन-बिअर करणाऱ्यांची दुकानं हे यंत्र दिवसाच्या भाड्यानं देतात. वर्षातून एक संध्याकाळ वापरायच्या लोखंडाला घरात जागा का द्यायची?

आणि वर्षाला पाच-सहाच बाटल्या करत असाल तर कॉर्करच घेऊ नका. हातानं दाबून बसवायची, वर प्लास्टिकची टोपी असलेली बुचं मिळतात. उभ्या ठेवायच्या, काही महिन्यांत प्यायच्या. भागतं.

भाच्याला अर्थातच इटालियन हवा होता. पितळ बघून माणसाचं मन पाघळतं. इथे जुन्या इटालियन घरांच्या गराज सेलमध्ये असे कॉर्कर निघतात. त्याला एक स्वस्तात मिळालाही. विकत घेण्यापूर्वी मी एकच गोष्ट करायला लावली: बाटली न ठेवता एक बूच यंत्रात घालायचं, दांडा पूर्ण ओढायचा आणि खाली पडलेलं बूच उजेडात फिरवून बघायचं. त्यावर एक बारीक सरळ ओरखडा होता. दुसरं बूच घातलं, त्याच जागी ओरखडा. एका जबड्याच्या कडेला खाच पडली होती. बोट फिरवलं तर नख अडकत होतं. असं यंत्र प्रत्येक बुचाला गळतीची वाट कोरून देतं. विकणारे आजोबा म्हणाले, आमच्या घरात कधी बाटली आडवी ठेवलीच नाही, ख्रिसमसपर्यंत संपून जायची. त्यांच्या दृष्टीनं यंत्र उत्तमच होतं. आम्ही आभार मानून निघालो. शेवटी ओळखीच्या तीन मराठी घरांनी मिळून एक नवा पोर्तुगीज घेतला आणि तो या तळघरात ठेवला.

त्या तिघांपैकी एकाला याच यंत्रानं बिअरच्या बाटल्या बंद करायच्या होत्या. नाही जमत. बाटलीत फेस धरायला ठेवलेल्या बिअरचा दाब साध्या बुचाला आणि वाइनच्या साध्या काचेला झेपत नाही. बूच उडतं किंवा बाटली फुटते. बिअरला तिची जाड बाटली, २६ मिमीचं पत्र्याचं झाकण आणि ते चेपायचं वेगळं यंत्र. बेल्जियन पद्धतीनं बूच आणि तारेची जाळी लावायची हौस असेल तर तसल्या जाड बाटल्या आणि जाड बुचं लागतात, आणि मग इटालियन कॉर्करचा विचार करावा.

कायद्याचंही सांगते, कारण हा प्रश्न पुण्यातून लगेच येतो. अमेरिकेत केंद्राच्या नियमानुसार एका प्रौढाच्या घरात वर्षाला १०० गॅलन आणि दोन किंवा जास्त प्रौढ असतील तर २०० गॅलनपर्यंत वाइन घरच्या वापरासाठी करमुक्त करता येते. विकता येत नाही. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्याशिवाय दारू गाळणं किंवा बनवणं गुन्हा आहे, आणि वाइन त्यातून सुटत नाही. तेव्हा हा लेख वाचून नाशिकची द्राक्षं बादलीत भरू नका.

दुसरी खेप

पुढच्या वर्षीची बादली पुन्हा झिनफँडेलची, मुद्दाम. बुचं पुन्हा ९ नंबरची, ४४ मिमी, पण या वेळी दोन्ही टोकांना अखंड कॉर्कची चकती असलेली. दोनतीन वर्षं ठेवायचं म्हणून. पिशवी त्याच दिवशी फोडली.

जबडे वोडकाच्या फडक्यानं पुसले. सल्फाइटचं पाणी धातूला खातं, ते यंत्राला लावायचं नाही. बाटलीशिवाय एक बूच काढून तपासलं. मग पाण्यानं भरलेल्या बाटलीत एक बूच लावून खोली बघितली. दट्ट्यावर एक नट असतो, तो फिरवून बूच कुठे थांबेल ते ठरतं. तोंडाशी सपाट किंवा मिलिमीटरभर आत, एवढं हवं. वर राहिलं तर टोपण नीट बसत नाही. फार खोल गेलं तर वर वाटी होते, तिथे ओल साचते आणि बुरशी धरते. तीनचार वेळा नट फिरवल्यावर जमलं.

हाताच्या लयीचं मात्र शिकवावं लागलं. भाचा दांडा एका दमात खाली मारत होता. आवळताना सावकाश, ढकलताना झटकन: बुचाला चेपायला वेळ द्यायचा, पण चेपलं की गळ्यात पोचेपर्यंत फुगायला वेळ द्यायचा नाही. दांड्याच्या मध्यावर जोर बदलतो, तो हाताला कळतो. भाचेसुनेला दुसऱ्याच बाटलीला कळला. भाचा भरायच्या नळीवर गेला आणि तिथेच राहिला.

बाटल्या तीन दिवस तळघरात उभ्या, मग तिथेच आडव्या. फळ्या गराजमधून खाली आणल्या.

पुढचा ऑगस्ट उलटला तरी एक बाटली सोडून सगळ्या कोरड्या होत्या. त्या एकीचं बूच काढून बघितलं: घडी नाही, ओरखडा नाही, पातळी बरोबर. मग तोंडात बोट घालून फिरवलं, तर आत काचेला एका बाजूला बारीक उंचवटा लागला; साच्यातच राहिलेला. त्याच वाइन कंपनीच्या, एका मित्रानं दिलेल्या आणखी तीन रिकाम्या बाटल्या पुढच्या खेपेसाठी धुऊन ठेवल्या होत्या. त्यांतल्या दोनमध्ये तसाच उंचवटा सापडला. भाचेसुनेनं वहीत नवा रकाना आखला: "बोट फिरवलं का?"